छाया : सूर्यभान तायडे

१

राजापेठेत सूर्यभान तायड्याला ओळखत नाही असं म्हणणारा माणूस एकतर काल अमरावतीत आला असावा, नाहीतर त्याचं लग्न व्हायचं राहिलं असावं. चाळीस वर्षं हा गृहस्थ वरातींच्या पुढं उलटा चालत फोटो काढत आला, आणि उलटं चालताना आपण एकदाही ठेचकाळलो नाही हे तो स्वतःच सांगत आला. अभिमान त्याच्या अंगात शर्टासारखा होता. अंघोळीपुरता उतरायचा.

जोडप्याला उभं करायची त्याची एक खूण होती. उजवा हात कॅमेऱ्यावर ठेवायचा आणि डाव्या हाताची चार बोटं मिटत-उघडत आपल्याकडं ओढायची. तोंडानं म्हणायचं, "जवळ या. अजून जवळ. मंधात फट ठेवू नोका." दोन माणसं आणि मध्ये फट दिसली की हे शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघत. एकदा एसटी स्टँडवर भांडणाऱ्या दोन कंडक्टरांनाही तो तसं म्हणून बसला होता, आणि मग तिथं तिघांचं भांडण झालं.

बाकी सगळं मिळालं, एक गोष्ट राहिली होती. पुढाऱ्यांच्या सभा, गणपती, नाल्याला आलेला पूर, असे त्याचे कितीतरी फोटो पेपरांत आले, पण खाली त्याचं नाव कधी आलं नाही. मग म्हातारपणी त्याला सूर्याचा नाद लागला. मागच्या वर्षी मावळत्या सूर्यावरून उडत जाणाऱ्या बगळ्यांचा त्याचा फोटो अकोल्याच्या एका पेपरानं छापला, आणि खाली बारीक अक्षरांत छापलं, 'छाया : सूर्यभान तायडे'. ते कात्रण त्यानं प्लास्टिकमध्ये मढवून गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी लावलं. बायको जमुना म्हणाली, त्या फोटोत तर नुसतं ऊनच ऊन आहे, छाया कुठं दिसली त्या पेपरवाल्यांना? सूर्यभाननं ते मनावर घेतलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी कात्रण दाखवायचं, मग पासपोर्ट फोटो काढायचा, असा दुकानाचा नियमच झाला.

दुकान आता आकांक्षा चालवत होती. एकुलती एक पोरगी, शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या बागांत जोडप्यांचे फोटो काढायची, परतवाड्याच्या लग्नात ड्रोन उडवायची. सूर्यभान तिचं कौतुक सगळ्या राजापेठेला ऐकवायचा, तिला सोडून. तिच्यासमोर आला की त्याला फक्त चुका दिसत. दुनियेला जवळ या म्हणणाऱ्या या माणसानं आपल्या पोरीला, ती शाळेत जायला लागल्यापासून, एकदाही जवळ घेतलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिनं एकदा घरचे अल्बम काढले होते, तेव्हा सहज बोलून गेली होती, "बाबा, आपल्या घरच्या एकाबी फोटोत तुमी नाई." त्यावर तो म्हणाला होता की मग फोटो काढला कोणी असता? उत्तर बिनतोड होतं. पण तिचं ते वाक्य त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

गुढीपाडव्याला दुकानावर नवी पाटी चढायची होती, 'आकांक्षा तायडे फोटोग्राफी'. त्या पाटीसाठी सूर्यभाननं एक फोटो ठरवला. फ्रेमभर सूर्य, आणि त्या सूर्याच्या पोटात हातात कॅमेरा घेऊन उभी असलेली आकांक्षा. जे तोंडानं म्हणता येत नव्हतं ते त्याला त्या फोटोत म्हणायचं होतं. आणि स्वभावाप्रमाणे, फोटो काढायच्या आधीच त्यानं तो सगळ्या राजापेठेला सांगून टाकला.

२

बडनेऱ्याच्या पुढं अकोला रस्ता सोडून आत गेलं की नत्थुजींचं शेत लागतं. नत्थुजी त्याचे जुने स्नेही. तूर निघून गेली होती, काळं रान मोकळं पडलं होतं, आणि रानाच्या पश्चिमेला एका कोरड्या पाझर तलावाची मातीची पाळ आडवी पसरली होती. फाल्गुनात काही दिवस सूर्य नेमका त्या पाळीवर टेकतो. अर्धा किलोमीटर अलीकडून लांब लेन्स लावली, तर पाळीवरचा माणूस सूर्याच्या आत मावतो. हा हिशोब सूर्यभाननं कागदावर केला होता आणि तो चुकलेला नव्हता.

लेन्स मोठी होती, पण फ्रेमभर सूर्य यायला तेवढी पुरत नाही. त्यासाठी कन्व्हर्टर लागतो. लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसणारं भिंगांचं आखूड नळकांडं ते, दूरचं आणखी जवळ आणतं. सूर्यभान त्याला जोड म्हणायचा. त्याच्याकडं दोन होते. लहान जोड दीडपटीला थोडा कमी आणि मोठा जोड दुप्पट. लेन्सच्या तोंडावर सूर्यासाठीची काळी फिल्म लावायची. तिच्यातून सूर्य तेवढा दिसतो, बाकी सगळी सृष्टी काळीकुट्ट होते. कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावायचा नाही, मागच्या पडद्यावर बघायचं. आणि उन्हात पडदा दिसावा म्हणून खांद्यावरचा पांढरा दुपट्टा डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून घ्यायचा. त्या दुपट्ट्याच्या आत तो आणि सूर्य दोघंच असत. त्याला ते फार आवडायचं.

रंगीत तालमीच्या पहिल्या संध्याकाळी त्यानं नुसती लेन्स लावली. सूर्य खाली येत येत पाळीला टेकला, आणि कडेला एक काळा दाणा दिसला. माणूस होता. पाळीवर उभा. सूर्यभान मनात म्हणाला, असेल कोणी ढोरांमागचा.

त्यानं लहान जोड चढवला. माणूस मोठा झाला, ते बरोबरच होतं. मग तो काढून मोठा जोड चढवला, आणि पडद्यावर बघता बघता त्याचा हात थांबला. पाळीवरचं गवत नुसत्या लेन्सच्या दुप्पट दिसत होतं. माणूस चौपट झाला होता.

चाळीस वर्षं मापात काढलेल्या माणसाला हे चटकन कळतं. एखादी गोष्ट भिंगाच्या हिशोबाबाहेर मोठी दिसली, तर ती पुढं सरकलेली असते. पण त्या माणसाचे पाय पाळीच्या माथ्यावरच होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या.

त्यानं दुपट्टा बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. सूर्याकडं बघितल्यावर दिसतं तेच दिसलं, म्हणजे काही नाही. डोळ्यांसमोर हिरवे-जांभळे गोळे नाचले. त्यानं स्वतःची समजूत घातली की उजेडासमोर उभा असलेला माणूस असा दिसतच नसतो, आणि तिपाई मिटली.

घरी जाताना बाजूच्या मळ्यात नत्थुजी भेटले. पाळीवर कोणाची ढोरं असतात, असं सूर्यभाननं विचारलं. नत्थुजी म्हणाले, तलावात घोटभर पाणी नाही, गवत वाळून गेलं, तिकडं कुत्रंही फिरकत नाही.

३

पडद्यावर डाग दिसला की फोटोग्राफर आधी धुळीवर संशय घेतो. सूर्यभाननंही घेतला. दोन्ही जोड पुसले, कॅमेऱ्याच्या आत फुंकणीनं हवा मारली. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं कॅमेरा तिपाईवर आडव्याचा उभा केला. धूळ असेल तर ती कॅमेऱ्याबरोबर फिरेल, हा साधा नियम. माणूस फिरला नाही. तो पाळीवर सरळ उभाच होता. आता त्याचे खांदे वेगळे कळत होते आणि एका खांद्यावर कापडासारखं काहीतरी लोंबत होतं.

मग त्यानं मोठा जोड काढला आणि नुसती लेन्स ठेवली. सूर्य लहान झाला, गवत लहान झालं. माणूस तेवढाच राहिला.

सूर्यभान दुपट्ट्याच्या आत वाकून उभा होता. बाहेर सगळं शांत होतं, लांब बडनेऱ्याकडं गाडीचा भोंगा वाजला आणि विरला. तेवढ्यात वाळलेल्या तुरीचा पाला चुरल्याचा आवाज आला. कोणीतरी सावकाश पाय टाकावा आणि थांबावं, तसा. मग पुन्हा एकदा. त्यानं झटक्यात दुपट्टा फेकला. रान रिकामं होतं. सूर्य पाळीखाली गेला होता. घूस असेल, असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि आपण कोणाला सांगतो आहोत असं वाटून त्याला राग आला.

या रागापायी तो दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेला. खरं कारण त्याच्याजवळ होतंच. फ्रेमभर सूर्यासाठी दोन्ही जोड एकावर एक लावायचे होते, आणि ते तसे एकमेकांत बसत नाहीत, मध्ये एक पोकळ रिंग लागते. ती रिंग वाहेद बनवून देणार होता. टिळक रोडच्या मागच्या गल्लीत वाहेदचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मोठा जोड सूर्यभाननं त्याच्याकडूनच घेतलेला होता. बाहेर अकोल्याचं ऊन मार्चातच डांबर वितळवत होतं, आत पंखा गरम हवाच फिरवत होता. वाहेदनं टॉर्च लावून दोन्ही जोड आरपार बघितले. काचेत बुरशी नाही, ओरखडा नाही, काही नाही. रिंग बसवून त्यानं सगळं सूर्यभानच्या हातात दिलं.

"लागून जाईल फ्रेमभर सूर्य," तो म्हणाला. "पन एक ध्यानात ठेवजा, सूर्यभानभाऊ. जोडावर जोड लावला का दूरचं जवळ येते. अन् मंधात जे असते ना, तेबी जवळ येते."

त्याला म्हणायचं होतं ते हवेबद्दल. उन्हानं थरथरणारी हवा, धूळ, वाफ, ते सगळं भिंग मोठं करतं आणि फोटो डळमळीत येतो. हे सूर्यभानला चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं मान हलवायला थोडा उशीर केला. मग मोबाइल काढून त्यानं कालचा फोटो दाखवला, आणि हे काय असावं असं शक्य तेवढ्या सहजपणे विचारलं.

वाहेदनं फोटो बोटांनी मोठा केला आणि हसला. "काय मजाक करता भाऊ. हे तं तुमीच हा. दुपट्टा बी तुमचाच."

सूर्यभान हसला नाही. वाहेदला वाटलं त्याला राग आला, म्हणून त्यानं चहा मागवला. चहा येईपर्यंत सूर्यभान आपल्याशीच एक साधी गोष्ट घोळवत राहिला. फोटो काढताना दुपट्टा माझ्या डोक्यावर होता.

४

शहाणा माणूस इथं थांबला असता. सूर्यभान शहाणा नव्हता असं नाही, पण त्याच्या शहाणपणाच्या पुढं एक पाऊल त्याचं नाव चालायचं. पाडवा चार दिवसांवर आलेला. पाटीवाला फोटोची वाट बघत होता. सूर्य पाळीच्या त्या जागेवर आणखी फार दिवस टेकणार नव्हता. आणि मुख्य म्हणजे चहाच्या टपरीपासून शिकवणीच्या मास्तरांपर्यंत सगळी राजापेठ रोज विचारत होती, काय भाऊ, आला का सूर्य हातात? पाळीवर कोणीतरी उभं राहतं म्हणून मी घाबरलो, हे वाक्य सूर्यभान तायड्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. एकवेळ फोटो बिघडला असं त्यानं सांगितलं असतं. तेही कठीणच होतं.

आकांक्षाला त्यानं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, उद्या सगळं बरोबर जमलं पाहिजे, तुझ्यासारखं फोकस चुकवून चालणार नाही. ती म्हणाली, बरं. ती असं बरं म्हणायची तेव्हा जमुना स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची.

रात्री जेवताना जमुनानं विचारलं, पोरीला एकटी त्या पाळीवर का उभी करता, तुम्हीही जा की सोबत. सूर्यभाननं तिला बजावलं की मी सोबत गेलो तर कॅमेरा कोण बघणार? हे उत्तर त्यानं आयुष्यभर दिलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा त्याला ते देताना घास गिळावा लागला.

५

संध्याकाळ अशी स्वच्छ की सूर्यभाननं मनातल्या मनात देवाची पाठ थोपटली. धूळ बसलेली, हवा स्थिर. नत्थुजींच्या रानात त्यानं तिपाई रोवली, तिच्या मधल्या आकड्याला रेतीची थैली टांगली. लेन्स, लहान जोड, वाहेदची रिंग, मोठा जोड, कॅमेरा. एवढी लांबलचक नळी बघून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अख्ख्या वऱ्हाडात असं धूड कोणाकडं नसेल, आणि असलं तर त्याला ते वापरता येत नसेल.

आकांक्षा पाळीच्या बाजूनं फिरून वर गेली. फोन चालूच होता, त्यानं तो खिशात आवाज मोठा करून ठेवला होता. वर पोहोचल्यावर ती दम लागलेल्या आवाजात म्हणाली की पोहोचली, आणि इथं वर आपल्याशिवाय कोणी नाही. त्यानं तिला विचारलं नव्हतं. तिनं आपणहून सांगितलं, म्हणजे तिलाही काहीतरी बघावंसं वाटलं असणार.

त्यानं दुपट्टा ओढून घेतला.

सूर्य वरून उतरत फ्रेममध्ये आला, आणि फ्रेम भरली. काठोकाठ. पडद्यावर दुसरं काही उरलंच नाही. त्याच्या कडेला दोन बारके डाग होते, सूर्याचेच, ओळखीचे. मग खालून पाळीचा काळा माथा वर आला आणि त्यावर आकांक्षा उभी होती. वाऱ्यानं उडणारे केस, हातातला कॅमेरा, ताठ मान. ती मान आपली आहे हे सूर्यभानला त्याच क्षणी कळलं. इतका अभिमान त्याला स्वतःचाही कधी वाटला नव्हता.

"बाबा, दिसून राह्यली काय मी?" खिशातून आवाज आला.

"दिसून राह्यली," तो म्हणाला.

तेव्हाच उजवीकडं तो दिसला.

तो चालत आला नाही. मघाशी नव्हता आणि आता होता, तिच्या मागं, थोडा बाजूला. आज त्याचा आकार तिच्याच मापाचा होता, म्हणजे तो तिच्याच इतक्या अंतरावर होता. किंचित पोक. डाव्या खांद्यावर दुपट्टा. आकांक्षा सूर्याकडं पाठ करून अलीकडं बघत होती, तिला मागचं काही दिसत नव्हतं.

सूर्यभाननं ओरडायला तोंड उघडलं. पळ, एवढाच शब्द होता. पण त्याचे डोळे पडद्यावर होते, आणि त्या डोळ्यांना चाळीस वर्षांची सवय होती. फ्रेममध्ये दोन माणसं होती. त्या दोघांच्या मध्ये फट होती, आणि फटीतून सूर्याची उजळ पट्टी दिसत होती. चौकट बिघडत होती. त्याचा डावा हात आपोआप वर आला, चार बोटं आपल्याकडं ओढली गेली, आणि उघडलेल्या तोंडातून दुसरेच शब्द निघाले.

"जवळ या," सूर्यभान म्हणाला. "अजून जवळ."

फट मिटली. त्या आकृतीनं हात पसरला आणि आकांक्षाला जवळ घेतलं. आकांक्षा दचकली, मान वळली, आणि मग तिचं डोकं सावकाश त्या खांद्यावर टेकलं.

त्यानं रिमोटचं बटण दाबलं. हे त्याला नंतर आठवलं. आधी दाबलं, मग दुपट्टा फेकून तो पळत सुटला. ढेकळांतून धडपडत, पोरीच्या नावानं ओरडत तो धावला, आणि जन्मात पहिल्यांदा ठेचकाळून काळ्या मातीत पालथा पडला.

६

तो उठून बसला तेव्हा आकांक्षा रानातून त्याच्याकडंच येत होती, चपला हातात घेऊन, एकटी. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे त्यानं ती लहान असताना बघितलं होतं.

तिनं त्याला हात देऊन उठवलं आणि मातीत पडला म्हणून हसली. या वयात एवढं पळायचं कशाला, असं तिनं विचारलं. कॅमेरा टायमरवर टाकून मागून पाळीवर यायचं, आणि मी चप्पल काढायला खाली वाकले तेवढ्यात परत धूम ठोकायची. आईला सांगितलं तर विश्वास नाही बसणार तिचा. सूर्यभान ऐकत राहिला. त्याला सांगायचं होतं. तो मी नव्हतो, मी इथं होतो, हे शब्द जिभेवर आले होते.

"फोनवरून बोलले तं मले वाटलं तुमी तिथंच हा," ती म्हणाली. "अन् पाहते तं मागं." मग ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "मले लई बरं वाटलं, बाबा. तुमी कधी जवळ घेत नाई ना. म्हून म्हनते."

सूर्यभाननं ते शब्द गिळले. आयुष्यात त्यानं गिळलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट. "हाव," तो म्हणाला. "मीच होतो."

म्हटलंच आहे तर ते खरं करावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं हात पुढं केला आणि अवघडत, वरातीतल्या नव्या नवऱ्यासारखं लाजत, पोरीला जवळ घेतलं. ती आली, पण लगेच जराशी मागं झाली. त्याचा हात तिनं आपल्या हातात धरून बघितला.

"मघा तं तुमचा हात कसा गरम होता," ती म्हणाली. "आता इतका थंड काहून?"

सूर्य केव्हाच बुडाला होता. संध्याकाळ पडली की हवा गार होते, असं काहीतरी तो म्हणाला, आणि तिपाई आवरायला लागला. जोड काढताना त्याच्या लक्षात आलं की मोठ्या जोडाचं धातूचं नळकांडं अजून तापलेलं आहे, तव्यासारखं.

७

फोटो असा आला की बघणाऱ्यानं आधी गप्प व्हावं. फ्रेमभर सूर्य, त्यात बापाच्या खांद्यावर डोकं टेकलेली पोरगी. केसाची बट न् बट वेगळी. पाडव्याला पाटी चढली तेव्हा राजापेठेत स्कूटरी थांबल्या. शिकवणीची पोरं मोबाइल काढून त्या फोटोचे फोटो काढायला लागली. किती जवळ घेतलं हो सूर्याला, असं म्हणत लोक वर बघत होते, आणि मग सूर्यभानकडं वळून सगळे एकच विचारत होते. फोटोत तर तुम्ही आहात. मग काढला कोणी?

उत्तर आकांक्षा द्यायची. कॅमेरा बाबांनी टायमरवर लावला होता, आपोआप निघाला. ती ते इतक्या आनंदानं सांगायची की सूर्यभान प्रत्येक वेळी मान हलवायचा. आयुष्यातला सगळ्यात भारी फोटो त्यानं काढला होता, आणि तो त्यानंच काढला हे सांगायचं झालं तर पोरीच्या खांद्यावरचा हात काढून घ्यावा लागत होता. त्यानं हात राहू दिला. याचाही त्याला अभिमानच वाटला, पण हा अभिमान कोणाला सांगता येत नव्हता.

पेपरातून नितेशचा फोन आला. हा तोच बातमीदार, ज्यानं बगळ्यांच्या फोटोखाली नाव टाकलं होतं. फोटो छापतो म्हणाला, पण छाया कोणाची टाकू? सूर्यभाननं फोन कानाला धरून समोरच्या कात्रणाकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, कोणाची नको टाकू.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. जमुनानं फोटोखालची ओळ मोठ्यानं वाचली, 'सूर्यनारायणाच्या साक्षीनं बापलेक : आकांक्षा व सूर्यभान तायडे'. पुढं काही नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, शेवटी घरच्या एका फोटोत तरी आले तुम्ही.

दुपारी दुकानात तो आणि आकांक्षा दोघंच होते. ऊन दारातून आत सरकत सरकत काउंटरपर्यंत आलं होतं. सूर्यभाननं निगेटिव्ह बघायचं जुनं भिंग काढलं आणि मोठ्या प्रिंटवर ठेवलं. इतके दिवस त्यानं हे टाळलं होतं. एक हात आकांक्षाभोवती होता. दुसऱ्या, डाव्या हाताकडं त्यानं आजवर बघितलं नव्हतं. आता त्यानं तिथं भिंग नेलं, आणि तसंच धरून ठेवलं.

त्याचा चेहरा बघून आकांक्षा काउंटरवरून वाकली आणि तिनंही भिंगातून बघितलं.

"हा हात तुमी असा काहून केला, बाबा?" तिनं विचारलं. डाव्या हाताची चार बोटं मिटत-उघडत आपल्याकडं ओढून तिनं ती खूण करून दाखवली. "जवळ या म्हून कोनाले बोलावून राह्यले होते?"

"फोटो काढणाऱ्याले," सूर्यभान म्हणाला.

आकांक्षा हसली. पेपराची घडी घालता घालता म्हणाली, "काहीबी बोलता. कॅमेऱ्यामागं तं कोनीच नव्हतं."